पिशवीतलं ऊन

कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडला मला पहिलं काम मिळालं ते रिकाम्या पिशवीचं संगणकी मॉडेल बनवायचं. पिशवी टेफ्लॉनच्या पातळ पारदर्शक पडद्याची, आकार ९० घनमीटर. अशा दोन पिशव्या एका बंद, तापमान स्थिर ठेवलेल्या मोठ्या खोलीत शेजारी शेजारी टांगलेल्या होत्या. बाहेरची घाण आत झिरपू नये म्हणून त्या खोलीतही शुद्ध केलेली हवा सतत खेळवलेली असे. समोर २०० किलोवॅटचा आर्गॉन आर्क दिवा. पिशवीत शुद्ध हवा भरायची, दिवा लावायचा, काही तास ‘ऊन’ पाडायचं आणि आत किती ओझोन तयार झाला ते मोजायचं. आत काहीच टाकलेलं नाही, म्हणजे ओझोन शून्य यायला पाहिजे. तसा तो येत नाही, थोडा का होईना तयार होतोच.

मी आले होते ॲरोमॅटिक, म्हणजे बेंझीनचं कडं असलेल्या, हायड्रोकार्बनवर काम करायला. टोल्युइन, झायलीन, ट्रायमिथाइलबेंझीन अशी पेट्रोलमधली आणि रंगाच्या थिनरमधली मंडळी उन्हात कशी मोडतात आणि त्यातून धुरकं कसं तयार होतं, हे संगणकावर उतरवायचं होतं. आणि हातात काय, तर रिकामी पिशवी. नव्या पोरीच्या गळ्यात कंटाळवाणं काम मारलंय, अशी माझी खात्री होती.

पण शुद्ध हवेतला तो थोडासा ओझोन यायचा कुठून? पिशवीच्या भिंतींतून. आधीच्या प्रयोगांत भिंतींना चिकटलेले नायट्रोजनचे ऑक्साइड पुन्हा हळूहळू बाहेर पडतात, आणि त्यात नायट्रस आम्ल असतं. त्याच्यावर प्रकाश पडला की ते फुटतं आणि हायड्रॉक्सिल रॅडिकल मोकळा होतो. रॅडिकल म्हणजे दिसेल त्याच्याशी लगेच अभिक्रिया करणारा रेणूचा तुकडा. वातावरणात हायड्रोकार्बनचं ज्वलनाशिवायचं ऑक्सिडीकरण सुरू करणारा मुख्य कार्यकर्ता हाच. म्हणजे पिशवी ही नुसती पिशवी नाही, तीसुद्धा प्रयोगात भाग घेते. किती घेते, ते शोधायला कार्बन मोनॉक्साइड आणि नॉक्स (म्हणजे हेच नायट्रोजनचे ऑक्साइड) यांचे प्रयोग करतात. कार्बन मोनॉक्साइडचं रसायन सोपं आणि पक्कं माहीत आहे. तो स्वतःहून नवे रॅडिकल जन्माला घालत नाही, असलेलेच फिरवत ठेवतो. तेव्हा त्या प्रयोगात ओझोन ज्या वेगानं तयार होतो, त्यासाठी लागलेले रॅडिकल भिंतीतूनच आले असणार. मॉडेलमधला भिंतीचा आकडा हलवत हलवत प्रयोगाशी जुळवायचा, आणि तो जिथे जुळेल तिथे पक्का करायचा. n-ब्युटेनचे प्रयोगही याच कामासाठी वापरतात. हा आकडा हातात नसताना टोल्युइनचा प्रयोग समजून घ्यायला बसलं, तर भिंतीतून निघालेले रॅडिकल टोल्युइननं दिले असं वाटतं, आणि ओझोन बनवण्यात टोल्युइन आहे त्यापेक्षा जास्त उग्र ठरतं. अशा प्रयोगाच्या पिशवीला चेंबर म्हणतात. जुन्या चेंबरमध्ये, जास्त नॉक्स घेऊन केलेल्या प्रयोगांत भिंतीचा हा हिस्सा बाकीच्या गर्दीत लपून जायचा. नॉक्स मोजक्या पीपीबीवर (हवेच्या अब्ज भागांत काही भाग) आणला की तो डोकं वर काढतो. आमचं चेंबर मुळात बांधलं होतं ते अशा कमी नॉक्सच्या प्रयोगांसाठीच, कारण शहरांची हवा हळूहळू त्या बाजूला सरकत होती.

रिव्हरसाइडमध्ये हे सगळं का, हे तिथे दुपारी राहिल्यावर कळतं. सकाळी लॉस एंजेलिसच्या रस्त्यांवर जे काही हवेत सोडलं जातं, ते समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याबरोबर दिवसभर ऊन खात पूर्वेकडे सरकतं, आणि दुपारपर्यंत सान बर्नार्डिनोच्या डोंगरांना येऊन अडतं. त्या डोंगरांच्या अलीकडे रिव्हरसाइड. दूषित हवा बनते एका शहरात आणि पिकते दुसऱ्यात. २६ जुलै १९४३ रोजी लॉस एंजेलिसवर एवढं दाट धुरकं उतरलं की लोकांना शत्रूनं विषारी वायू सोडल्याचा संशय आला. पुढे पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पॅसडीनाच्या कॅलटेकमध्ये आरी हागेन-स्मिट यांनी दाखवून दिलं की हे धुरकं म्हणजे नुसता धूर नाही. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांवर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. हे गृहस्थ त्याआधी अननसाच्या वासाचं रसायन तपासत होते. रिव्हरसाइडच्या विद्यापीठाचं मूळही फळांतच आहे. १९०७ साली सुरू झालेलं लिंबूवर्गीय फळांचं संशोधन केंद्र हा त्याचा पाया. धुरक्यानं पानं करपतात हे इथल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी फार आधी टिपलं होतं. पुढे इथेच स्टेटवाइड एअर पोल्युशन रिसर्च सेंटर उभं राहिलं. त्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘सॅप्रक’, आणि तेच नाव विल्यम कार्टर यांनी बांधत नेलेल्या रासायनिक मॉडेलला पडलं. सॅप्रक-९०, सॅप्रक-९९, सॅप्रक-०७. मी गेले तेव्हा सॅप्रक-११ ताजं होतं, आणि त्यात बदल होते ते मुख्यतः ॲरोमॅटिकांचे.

आता टोल्युइनकडे वळते. ऊन टोल्युइनला थेट काही करत नाही. जमिनीपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशातल्या ज्या लहरी असतात, त्या टोल्युइन शोषतच नाही. सुरुवात हायड्रॉक्सिल करतो, आणि त्याला तीन वाटा असतात. साधारण ७ टक्के वेळा तो कड्याबाहेरच्या मिथाइल गटातला हायड्रोजन ओढतो आणि शेवटी बेंझाल्डिहाइड तयार होतं. बाकी वेळी तो थेट बेंझीनच्या कड्याला जाऊन चिकटतो. त्यातल्या काही रेणूंचं, म्हणजे एकूण टोल्युइनच्या १८ टक्क्यांच्या आसपास, क्रेसॉल होतं आणि कडं शाबूत राहतं. उरलेल्यांना ऑक्सिजन पकडतो, कड्यावर ऑक्सिजनचा पूल बांधला जातो, नायट्रिक ऑक्साइड भेटला की तो सांगाडा तुटतो आणि कडं उघडतं. कड्यात सहा आणि मिथाइलचा एक असे सात कार्बन दोन तुकड्यांत वाटले जातात. ग्लायऑक्झालचे दोन अधिक ४-ऑक्सो-२-पेंटेनालचे पाच, किंवा मिथाइलग्लायऑक्झालचे तीन अधिक ब्युटेनडायालचे चार.

कागदावर ही बेरीज बरोबर येते, चेंबरमध्ये येत नाही. छोटे तुकडे मोजता येतात आणि त्यांची मोजणी बऱ्यापैकी पक्कीही आहे. पण त्यांच्या जोडीचे मोठे तुकडे तेवढ्या प्रमाणात सापडत नाहीत. हे मोठे तुकडे म्हणजे असंपृक्त डायकार्बोनिल, दुहेरी बंध आणि दोन कार्बोनिल गट असलेले. ते उन्हात भराभर फुटतात, भिंतींना चिकटतात, मोजणीच्या नळ्यांमध्ये हरवतात आणि विकतच्या बाटलीत मिळत नाहीत. टोल्युइनमधला बराचसा कार्बन असा हिशेबाबाहेर राहतो. पंचाईत अशी की ॲरोमॅटिकांचा सगळा उग्रपणा याच हरवलेल्या तुकड्यांत आहे. ते फुटले की नवे रॅडिकल सुटतात, ते पुढच्या टोल्युइनवर तुटून पडतात, आणि गाडी वेग घेते. ज्याची माहिती सगळ्यात कमी, त्याच्यावरच निकाल ठरतो.

मग मॉडेल काय करतं? सॅप्रकच्या फाइलमध्ये मी टोल्युइनची ओळ पहिल्यांदा नीट वाचली, तेव्हा ग्लायऑक्झाल, मिथाइलग्लायऑक्झाल, क्रेसॉल, बेंझाल्डिहाइड हे ओळखीचे चेहरे दिसले आणि त्यांच्या शेजारी ‘एएफजी-१’, ‘एएफजी-२’, ‘एएफजी-३’. बाटलीत भरून दाखवता येईल असं या नावाचं कुठलंही रसायन नाही. हे कड्याच्या फुटक्या तुकड्यांचे कल्पित प्रतिनिधी आहेत. एएफजी-१ उन्हात फुटला की रॅडिकल देतो. एएफजी-२ तेवढ्याच वेगानं फुटतो, पण रॅडिकल न देता गप्प बसतो. एएफजी-३ मध्ये प्रकाशानं न फुटणारे बाकीचे. टोल्युइनपासून एएफजी-१ किती आणि एएफजी-२ किती, हे प्रमाण कुणी मोजलेलं नाही. चेंबरमध्ये जेवढा ओझोन दिसतो तेवढा मॉडेलमध्ये दिसेपर्यंत ते हलवलं जातं आणि मग तिथे ठेवलं जातं.

मला धक्काच बसला. कोल्हापुरात एम.एस्सी.पर्यंत शिकलेलं रसायन म्हणजे बाण, आणि बाणाच्या टोकाला खरा रेणू. इथे बाणाच्या टोकाला एक सोय ठेवलेली. माझ्या मार्गदर्शकांना मी जरा चढ्या आवाजातच विचारलं, “सर, मग हे भाकीत झालं का? उत्तर आधी बघितलं आणि मग गणित लिहिलं.” ते रागावले नाहीत. म्हणाले, पूर्ण फाइल छापून घे आणि तीन रंगांच्या पेन्सिली आण. ॲरोमॅटिकांच्या अभिक्रियांतल्या प्रत्येक आकड्याखाली रेघ ओढायची. प्रयोगशाळेत स्वतंत्रपणे मोजलेला आकडा हिरवा. तत्सम रेणूंवरून अंदाजानं काढलेला निळा. चेंबरशी जुळवून घेतलेला लाल.

त्या रंगकामात बरेच दिवस गेले, कारण प्रत्येक आकड्याचा उगम कार्टर यांच्या जाडजूड अहवालांमध्ये शोधावा लागे. पण ते अहवाल असे होते की उगम सापडत असे. कुठला आकडा जुळवलेला आहे हे त्यांत लपवलेलं नाही, तक्त्यात तसं लिहिलेलं आहे. फाइलही खुली, चेंबरच्या प्रयोगांची आकडेवारीही खुली. ज्याला हवं त्यानं घ्यावं, चालवून बघावं. रंगवून झाल्यावर माझ्या लक्षात आलं की लाल रेघा मला वाटत होत्या त्यापेक्षा पुष्कळ कमी आहेत, पण अगदी मोक्याच्या जागी आहेत. हायड्रॉक्सिलचे वेग जवळपास सगळे हिरवे. बेंझीनच्या सुमारे पाचपट वेगानं टोल्युइन, सुमारे वीसपट वेगानं मेटा-झायलीन, हे दशकानुदशकं मोजून पक्कं झालेलं. त्यामुळे साधारण शहरी हवेत बेंझीन दिवसेंदिवस टिकतं, झायलीन मात्र चांगल्या उन्हात काही तासांत संपतं. हवेतलं झायलीन आणि बेंझीन यांचं गुणोत्तर पाहून ती हवा किती वेळ उन्हात होती याचा अंदाज बांधतात, तो याच फरकावर.

मॉडेल चालवण्याचा भाग मी थोडक्यात उरकते, कारण त्यातला बराचसा त्रास एककांचा होता. प्रयोगशाळेतले वेग घनसेंटिमीटर, रेणू आणि सेकंद यांत. सॅप्रकमधले वेग पीपीएम आणि मिनिटांत. दुसरी अडचण वेळेची. हायड्रॉक्सिलचं आयुष्य सेकंदापेक्षा कमी, टोल्युइनचं दिवसभराचं. एकाच समीकरणसंचात असे दोघे आले की कॉलेजात शिकवलेल्या साध्या अंकीय पद्धती इतकी बारीक पावलं टाकतात की गणित पुढे सरकत नाही. त्यासाठी गिअर यांच्या पद्धतीवर बेतलेले सॉल्व्हर वापरतात. हे सगळं तयार मिळतं. आपण फक्त सुरुवातीचे वायू, तापमान, प्रकाश आणि भिंतीचे आकडे द्यायचे. प्रकाशाचे आकडे देणं हे मात्र फक्त टंकायचं काम नाही. आर्क दिवा महाग आणि नाजूक, म्हणून बरेच प्रयोग अतिनील प्रकाश देणाऱ्या ब्लॅकलाइटच्या नळ्यांखाली केलेले असतात. ब्लॅकलाइटचा प्रकाश ३५० नॅनोमीटरच्या आसपास एकवटलेला असतो आणि ४०० च्या पुढे फारसा उरत नाही. मिथाइलग्लायऑक्झाल मात्र त्यापुढच्या लहरींवरही फुटतं. म्हणजे तेच टोल्युइन, तेवढाच नॉक्स, पण नळ्यांखाली मिथाइलग्लायऑक्झालचं फुटणं सूर्याखालच्यापेक्षा मागे राहतं. दोन्ही दिव्यांखालचे प्रयोग एकाच फाइलनं जुळले पाहिजेत, ही अट फार उपयोगाची ठरते. दिव्याबरोबर जुळणी बिघडली, तर गडबड फुटणाऱ्या तुकड्यांत आहे हे कळतं.

आलेख कसा वाचायचा हे मला लॅबमधल्या एका सीनिअरनं शिकवलं. मी ओझोनची रेघ बघत बसले होते आणि सुरुवातीचे तास ती तळाला चिकटून होती. ती म्हणाली, ओझोन बघू नकोस, ओझोन वजा नायट्रिक ऑक्साइड बघ. नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खातो. तो शिल्लक आहे तोवर कितीही ओझोन तयार झाला तरी टिकत नाही. दुकानदार उधारी फेडतोय तोवर गल्ल्यात शिल्लक दिसत नाही, तसं. पण म्हणून धंदा होत नाहीये असं नाही. हायड्रोकार्बनपासून तयार झालेले पेरॉक्सी रॅडिकल नायट्रिक ऑक्साइडचं डायऑक्साइडमध्ये रूपांतर करत असतात, आणि त्या कामाची मोजणी ओझोनमधली वाढ आणि नायट्रिक ऑक्साइडमधली घट यांच्या बेरजेत पहिल्या मिनिटापासून दिसते. त्या दिवसापासून मी हाच आलेख काढते. नुसता ओझोनचा आलेख कुणी दाखवला तर मला अजून अर्धंच सांगितल्यासारखं वाटतं.

याच सुमारास बाबांचा फोन आला. बाबांचं उद्यमनगरजवळ गाड्यांना स्प्रे पेंटिंग करायचं छोटं गॅरेज आहे. माझं काम काय, हे त्यांना थिनरच्या उदाहरणावरून सांगणं सोपं गेलं होतं.

“मग काय गं, आमच्या एका डब्यातनं किती ओझोन होतोय?” त्यांनी विचारलं.

मी कार्टर यांच्या तक्त्यातले आकडे सांगितले. नॉक्स भरपूर असलेल्या हवेत एक ग्रॅम वायू वाढवला तर जास्तीत जास्त किती ग्रॅम ओझोन वाढतो, याचा तो तक्ता. सॅप्रक-०७ नुसार टोल्युइनला सुमारे ४, मेटा-झायलीनला जवळजवळ १०, बेंझीनला एकसुद्धा नाही, ०.७ च्या आसपास. शिवाय हेही सांगितलं की हे आकडे अमेरिकेतल्या ३९ शहरांच्या परिस्थितीवरून काढलेले आहेत, कोल्हापूरच्या नव्हे.

“म्हंजे बेंझीन चांगलं म्हणायचं.”

“अजिबात नाही बाबा. बेंझीननं कॅन्सर होतो. ओझोन कमी बनवतं एवढंच. आणि तुमच्या नाकापाशी ओझोन नाहीये, थिनरच आहे. मास्क लावता का?”

त्यावर विषय पावसावर गेला.

कामातला खरा पेच पुढे आला. सॅप्रक-११ बहुतेक प्रयोगांत चांगलं जुळत होतं. एका ठिकाणी मात्र नाही. बेंझीनचे, आणि काही अंशी टोल्युइनचे, ज्या प्रयोगांत सुरुवातीचा नॉक्स १०० पीपीबीच्या वर होता, तिथे मॉडेल ओझोन खऱ्यापेक्षा वेगानं तयार करत होतं. चूक इकडे तिकडे विखुरलेली नव्हती, सातत्यानं एकाच बाजूला होती. हे कार्टर यांनी स्वतःच नोंदवलं होतं आणि त्यावरचा एक उपायही. उन्हात फुटणाऱ्या त्या तुकड्यांचं प्रमाण नॉक्सवर अवलंबून ठेवायचं. नॉक्स जास्त असेल तर फुटणारे तुकडे कमी तयार होतात, असं मानायचं. मी ते बदल फाइलमध्ये घालून तेच प्रयोग पुन्हा चालवले, आणि रेघ ठिपक्यांवर जाऊन बसली. ठिपके म्हणजे चेंबरचं मोजमाप, रेघ म्हणजे मॉडेल. महिनोन्महिने डोळ्यांत खुपणारी ती फट गायब. मी आलेख छापून टेबलावर लावला.

तरीही सॅप्रक-११ मध्ये तो उपाय घेतलेला नाही. का, तर प्रयोगशाळेत मिळालेल्या उत्पादनांच्या मोजमापांशी तो जुळत नाही. नॉक्सबरोबर ते प्रमाण अशा रीतीनं बदलतं असं कुठलंही स्वतंत्र मोजमाप सांगत नाही. मी मार्गदर्शकांशी यावर बराच वाद घातला. माझं म्हणणं, एएफजी-१ आणि २ चं प्रमाण तरी कुठे मोजलंय? तेही जुळवलेलंच. मग हा लाल आकडा चालतो आणि तो नाही, हे कसं?

त्यांनी सांगितलेला फरक मला तेव्हा पुरता पटला नाही, पण आज मी तोच विद्यार्थ्यांना सांगते. एएफजी-१ आणि २ चं प्रमाण जुळवताना आपण एका रिकाम्या जागेत आकडा भरतो. कुठलंच मोजमाप त्याच्या विरोधात जात नाही. नॉक्सवर अवलंबून असणारं प्रमाण भरताना मात्र हिरव्या आकड्यांना खोडावं लागतं. असं एकदा खोडलं की मॉडेल या चेंबरसाठी छान होईल. पण नॉक्स, प्रकाश किंवा मिश्रण थोडं वेगळं असलेल्या शहरात ते काय करेल याची काहीच हमी नाही, कारण तिथे आपण रसायन सोडून ठिपक्यांचा आकार पाठ केलेला असेल. मी टेबलावरचा आलेख काढून ठेवला. माझ्या प्रबंधात जी रेघ छापली गेली ती ठिपक्यांच्या वर राहिलेली आहे, आणि ती का तशी आहे हे खाली लिहिलेलं आहे.

इंग्लंडमधल्या लीड्सच्या मंडळींनी वेगळाच रस्ता धरलेला. त्यांचं ‘मास्टर केमिकल मेकॅनिझम’, आमच्या भाषेत एमसीएम. त्यात एएफजी वगैरे भानगड नाही. प्रत्येक तुकड्याला नाव, प्रत्येक नावाला रचना, हजारो अभिक्रिया. चेंबरशी जुळवायला आकडे हलवायचे नाहीत. मोजमापं आणि रचनेवरून बांधलेले नियम यांतून जे निघेल ते निघेल. मग ते स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या युफोर चेंबरशी ताडून पाहायचं. हे चेंबर म्हणजे टेफ्लॉनचे दोन अर्धगोल घुमट, प्रत्येक २०० घनमीटरच्या आसपास, आणि दिवा खराखुरा सूर्य. आमच्या पिशवीतल्या उन्हापेक्षा ते मला नेहमी जास्त हेवा वाटण्यासारखं वाटलं. तिथे टोल्युइनसाठी काय दिसलं, तर एमसीएममध्ये ओझोनचा माथा खऱ्यापेक्षा उंच जातो आणि हायड्रॉक्सिल मात्र खऱ्यापेक्षा कमी पडतात. हायड्रॉक्सिल कमी आहेत हे टोल्युइनच्या घटण्यावरूनच कळतं, कारण चेंबरमध्ये टोल्युइनला संपवणारा दुसरा कुणी नाही. ते ज्या वेगानं घटलं, त्यावरून किती हायड्रॉक्सिल असले पाहिजेत याचं सरळ गणित निघतं. ओझोन जास्त आणि रॅडिकल कमी हे एकत्र येणं फार बोलकं आहे. म्हणजे कुठेतरी अशी वाट राहून गेली आहे, जी नायट्रिक ऑक्साइडला न शिवता रॅडिकल परत देते. फक्त वेगांचे आकडे वरखाली करून हे दुखणं बरं होत नाही. मी आमचे काही प्रयोग एमसीएमनं चालवले तेव्हा चुकण्याची दिशा तीच दिसली. एक मॉडेल जुळवलेलं, दुसरं न जुळवलेलं, आणि दोघांनाही टोल्युइन हुलकावणी देतंय, याचं मला विचित्र समाधान वाटलं. वाचायला मला एमसीएम आवडतं. शहराचं मोठं मॉडेल चालवायचं तर मी सॅप्रकच घेते. लाखो चौकोनांत दर काही मिनिटांनी हजारो अभिक्रिया सोडवायला यंत्रही पाहिजे आणि धीरही.

एवढी लाल रेघ असलेल्या आकड्यांवर कायदे होतात का? होतात. कॅलिफोर्नियात स्प्रे कॅनमधल्या रंगांना नुसतं ‘द्रावक इतकेच टक्के’ अशी मर्यादा न ठेवता, त्यातली द्रावकं किती ओझोन करतात यावर मर्यादा ठेवली आहे. रंग बनवणाऱ्यानं झायलीन कमी करून कमी उग्र द्रावक जास्त वापरलं तरी चालतं. हे मला अतिशय शहाणपणाचं वाटतं. तक्त्यातला टोल्युइनचा आकडा पुढच्या आवृत्तीत थोडा सरकेल, पण मेटा-झायलीन त्याच्या दुपटीहून जास्त उग्र आहे हा क्रम हिरव्या आकड्यांवर उभा आहे, तो सहजी उलटणार नाही. आपल्याकडे २००९ च्या राष्ट्रीय मानकांत बेंझीन आहे, वर्षाची सरासरी ५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, आणि ते त्याच्या विषारीपणामुळे. ओझोनसाठीही मानक आहे, आठ तासांना १०० मायक्रोग्रॅम. पण या दोघांच्या मधली जी मंडळी ओझोन बनवतात, त्या टोल्युइन आणि झायलीनला स्वतःचं मानक नाही. पेट्रोलमध्ये मात्र बीएस-६ नं बेंझीन १ टक्क्यावर आणि एकूण ॲरोमॅटिक ३५ टक्क्यांवर बांधले आहेत.

ओझोनचं काम संपत आलं तेव्हा मला याच वायूंपासून हवेत तयार होणाऱ्या सूक्ष्म कणांकडे जावं लागलं, आणि तिथे सगळे क्रम बदलतात. कॅलटेकच्या २००७ सालच्या प्रयोगांत नॉक्स कमी असताना बेंझीनच्या अभिक्रियेतून वजनाच्या ३७ टक्के सेंद्रिय कण तयार झाले, टोल्युइनमधून ३० टक्के. ओझोनच्या तक्त्यात तळाशी असलेलं बेंझीन इथे वरच्या रांगेत. आणि पुन्हा भिंत आली. ओझोनच्या प्रयोगात भिंत रॅडिकल देते. कणांच्या प्रयोगात ती वाफा घेते. ज्या वाफांचे कण व्हायचे, त्या आधीच टेफ्लॉनला जाऊन चिकटतात. २०१४ मध्ये कॅलटेकनंच दाखवलं की यामुळे टोल्युइनपासून होणाऱ्या कणांचं प्रमाण काही परिस्थितींत चौपटीपर्यंत कमी मोजलं गेलेलं असू शकतं. म्हणजे ज्या ठिपक्यांना आपण पक्कं समजून रेघ जुळवत होतो, ते ठिपकेच खाली सरकलेले.

प्रबंधाच्या परीक्षेत मी तो तीनरंगी तक्ता लावला. एका परीक्षकांनी विचारलं, एकच लाल आकडा हिरवा करायला पैसे मिळाले तर कुठला निवडशील? मी ब्युटेनडायाल आणि ४-ऑक्सो-२-पेंटेनाल उन्हात किती वेगानं आणि कशात फुटतात, हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण हे दोघे शुद्ध स्वरूपात बनवणार कोण, असंही विचारलं. पुढे व्हॅलेन्सियाच्या घुमटात हे दोन्ही रेणू वेगवेगळे सोडून, खऱ्या उन्हात त्यांचं काय होतं ते मोजलं गेलं. तो शोधनिबंध हातात आला तेव्हा मी पुण्यात होते. संध्याकाळी जुनी फाइल उघडली, दोन ओळी बदलल्या आणि टोल्युइनचे सगळे प्रयोग पुन्हा चालवायला टाकले. आर्क दिव्याखालचे काही सुधारले, ब्लॅकलाइटखालचे काही बिघडले. बिघडलेल्यांची यादी आता एका विद्यार्थिनीकडे आहे. तिला मी सुरुवातीला कार्बन मोनॉक्साइडचे प्रयोग दिले आहेत, आणि ती माझ्यावर थोडी नाराज आहे.